कठड्यावरचे दात

२८ नोव्हेंबर

बाबा,

नमस्कार. फोन आईंचा आणि पत्र तुमचं, ही वाटणी मला मान्य आहे. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, आणि आमचं वीस मिनिटांचं बोलणं आई "सगळे बरे आहेत" एवढ्या तीन शब्दांत तुमच्या कानात ओरडून सांगतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून खऱ्या बातम्या इथे.

भिंगरी वीस महिन्यांची झाली. ती चालत नाही, धावतेच. एकूण अकरा शब्द बोलते, त्यातले चार "नाही" ह्याच अर्थाचे आहेत. माझं चष्म्याच्या दुकानातलं काम दुपारपर्यंत असतं, तोवर ती शेजारच्या मावशींकडे राहते आणि त्यांच्या घराची रचना रोज नव्याने करते.

मुख्य बातमी म्हणजे यंदाची वस्तू ठरली. वर्ष संपायच्या सुट्टीत घरातली एक वस्तू रंगवायची, घरातल्या प्रत्येकाने तिच्यावर एक तरी फटकारा मारायचा आणि तळाशी साल लिहायचं, ही तुमच्या घरची रीत तुमच्या चिरंजीवांनी मला लग्नाआधीच सांगून ठेवली होती. रंगाऱ्याच्या घरात दुसरी कुठली रीत असणार? आत्तापर्यंत एक स्टूल झालं, एक खिडकी झाली, आणि मी माहेरी गेले असताना माझं शिवणाचं मशीनही झालं. यंदा भिंगरीचा कठड्याचा पलंग. ती जन्मली तेव्हा तुम्ही पांढरा करून पाठवलात तो.

चिरंजीव लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून सुटले की घासत बसतात. पांढऱ्याखाली हिरवा निघाला आणि हिरव्याखाली पिवळा. बाबा, काय पिवळा आहे तो. इतक्या वर्षांनीही फडकं मारलं की चमकतो. चिरंजीव म्हणाले, हा बाबांच्या हातचा, स्वतः पूड घोटून केलेला, असा बाजारात मिळत नाही. मग आमचं ठरलं की वरचे थर काढून टाकायचे, तुमचा पिवळा उघडा करायचा, आणि उडालाय तिथे तसाच लावायचा. तो कसा करायचा ते लिहून पाठवा.

अजून एक गंमत. वरच्या कठड्यावर पिवळ्यामध्ये इवल्या दातांच्या खुणा आहेत, ओळीने. चिरंजीव तेव्हापासून ऐटीत आहेत, म्हणतात बघ, मी तेव्हाही कामाला चिकाटीने लागायचो. भिंगरीने त्याच जागी तोंड लावून पाहिलं, तर माप बरोबर बसलं.

बाहेर गारठा आहे, म्हणून काम तिच्याच खोलीत खिडक्या लावून चालतं. मी तिलाही पॉलिश पेपरचा एक तुकडा दिलाय. संध्याकाळी बापलेक पिवळ्या नाकाने बाहेर येतात.

तुमची सून


४ डिसेंबर

चि. सूनबाई,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझ्या सासूला वाचून दाखवलं नाही. कामाचं पत्र आहे, आपल्यातच राहू दे.

पलंग घासू नका. लाकूड जुनं आहे, घासलं की चिरतं. आतून कीडही लागलेली असणार. मुलीला त्यात झोपवणं बरं नाही. तो कापडात नीट गुंडाळून मला परत पाठवून द्या, काय करायचं ते मी बघतो. तिच्यासाठी नवा आणा, साधा, बिनरंगाचा.

पिवळा कसा करायचा ते मला आता आठवत नाही.

खोलीत पूड पडली असेल ती झाडूने झाडू नकोस. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं टाकून दे. मुलीला त्या खोलीत नेऊ नकोस. तिचे हात धू, खायच्या आधी तर धूच. धाकट्याला सांग, कामाचे कपडे दाराबाहेर उतरव. रंगाऱ्याच्या घरची ही शिस्त आहे, त्याला आठवत असेल.

माझं बरं चाललं आहे. 

बाबा


९ डिसेंबर

बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र मी चिरंजीवांना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ते हसले, दुसऱ्यांदा जरा हिरमुसले. त्यांनी पलंग उलटा करून सगळीकडून पाहिला. कीड कुठेच नाही, लाकूड खणखणीत आहे. मग म्हणाले, मी सांगतो बाबांना काय झालंय ते. त्यांच्या कामाला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना कधीच खपला नाही. लहानपणी मी एकदा त्यांचा ब्रश धुतला, तर तो त्यांनी पुन्हा धुतला होता.

राग मानू नका, पण मलाही तसंच वाटलं. तुम्ही तो पांढरा किती जपून दिला होतात आणि आम्ही तो दोन आठवड्यांत खरवडून काढला. पण बाबा, आम्ही तुमचं काम पुसत नाही, तुमचंच काम वर आणतोय. आता तीन बाजू झाल्यात, एकच राहिली आहे. अर्ध्यावर कसं सोडायचं? सुट्टीत तुम्ही दोघं या, शेवटचा फटकारा तुमच्यासाठी ठेवतो.

ओल्या फडक्याचं मात्र मी ऐकलं. दोन दिवस ऐकलं, खरं सांगायचं तर. मग दुकानात वर्षअखेरीची गर्दी सुरू झाली आणि झाडू बरा वाटला.

भिंगरीचं जरा बिनसलंय. खाताना तोंड फिरवते. सारखी किरकिर करते, उचललं तर खाली सोड म्हणते, सोडलं तर उचल. दाढा येत असाव्यात. आईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. आईंचं तुम्हाला माहीतच आहे, शिंक आली तरी डॉक्टर. तरी त्यांच्या समाधानासाठी नेलं. डॉक्टर म्हणाले दाढाच आहेत, आणि थेंब दिले.

तुम्ही पिवळ्याची कृती लिहिली नाहीत ह्याचा मात्र मला राग आहे.

तुमची सून


१३ डिसेंबर

चि. सूनबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र आत्ता हातात आलं, उभ्याउभ्या उत्तर लिहितो आहे.

मुलगी किती दिवस नीट खात नाही? पोट धरते का? शौचाला रोज होते का? उलटी झाली का? मधेच गप्प होऊन एकीकडे बघत बसते का? पाचही गोष्टींचं उत्तर लिही, एकही गाळू नकोस.

काम थांबवा. तीन बाजू झाल्या असतील तर चौथी राहू द्या. ह्यात माझा मानापमान काही नाही. तू ह्या घरात आल्यापासून मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मागतो आहे. धाकट्याला म्हणावं बापाने सांगितलं आहे, कारण विचारू नकोस.

ती दाढाच असेल. पण थांबू नकोस. दाढाच आहेत म्हणून थांबू नकोस.

बाबा


१८ डिसेंबर

बाबा,

परवा सकाळी दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांना समोरच्या पाटीवरची खालची ओळ वाचायला सांगत होते, तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. तुमचा आवाज ऐकला आणि पहिला विचार आला तो आईंचा. मी "आईंना काय झालं" असं विचारत राहिले आणि तुम्ही माझ्या बोलण्यावरून बोलत राहिलात. तुम्ही जे बोललात ते मी त्या गृहस्थांच्या चष्म्याच्या कागदावर लिहून घेतलं, तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

"मी हार्डवेअरच्या दुकानातून बोलतो आहे. तुझं मला ऐकू येणार नाही, तू फक्त ऐक. पलंगाच्या पिवळ्या रंगात शिसं आहे. मुलीचं रक्त तपासा. शिशासाठी तपासा, असं सांगा. आजच."

तुम्ही हे तीन वेळा म्हणालात. मग म्हणालात, कळलं असेल तर फोन ठेव. कळलं हे तुम्हाला सांगायचा दुसरा मार्ग नव्हता, म्हणून मी एक शब्द न बोलता फोन ठेवला.

त्यानंतर काय झालं ते ओळीने लिहिते, नाहीतर मला सुचणार नाही. मावशींकडून भिंगरीला घेतलं. मी दुकानात गेल्यावर तिने आणखी दोनदा उलटी केली होती. मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंना मी "शिसं" म्हटल्यावर त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. रंग कोरडाच घासलात का, विचारलं. मुलगी खोलीत होती का? खिडक्या उघड्या होत्या का? प्रत्येक उत्तराला त्या नुसती मान हलवत होत्या, आणि मला वाटत होतं की त्यांनी एकदा तरी रागवावं. भिंगरीच्या दंडातून रक्त काढलं, चिरंजीवांचं आणि माझंही घेतलं. तिचा अहवाल सहा दिवसांनी येणार आहे. झटके आले तर एक क्षण थांबू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. हे वाक्य त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी परत विचारलं, काय आले तर?

आम्ही आता तिघंही चिरंजीवांच्या मित्राच्या घरी आहोत, एका खोलीत. भिंगरी गाढ झोपली की मला भीती वाटते आणि रडायला लागली की बरं वाटतं. ती खिडकीबाहेर पाहत बसली तरी मी टाळी वाजवते. तुमची १३ तारखेची चिठ्ठी काल मिळाली. पाच प्रश्न विचारलेत ना? पाचही गोष्टी होत्या, बाबा. पाचवीसुद्धा.

आता मी विचारते. ४ तारखेला तुम्ही मला कीड लागली असं लिहिलंत. ओलं फडकं लिहिलंत, हात धुवायचे लिहिलंत, म्हणजे तुम्हाला तेव्हा सगळं माहीत होतं. मग ते दोन अक्षरी नाव लिहायला काय झालं होतं? आणि मुलं पोट धरतात, गप्प होऊन एकीकडे बघतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सून


२२ डिसेंबर

चि. सूनबाई,

ते दात धाकट्याचे नाहीत. थोरल्याचे आहेत.

धाकट्याच्या आधी आम्हाला एक मुलगा होता आणि तो तापाने गेला, एवढंच तुला माहीत असेल. घरात तसंच सांगतात. तो तापाने गेला नाही.

पलंग त्याच्यासाठी केला होता. लाकूडकाम सुताराचं, रंग माझा. माझ्या पिवळ्यासाठी तेव्हा लोक महिनाभर थांबायचे. दारं, खिडक्या, फाटकं, सगळ्यांना तोच हवा असायचा, कारण उन्हात उडत नाही. उडत नाही तो पुडीतल्या शिशामुळे. आम्हाला ते रंगाचा गुण म्हणून शिकवलेलं होतं. मी जवसाच्या तेलात पूड घोटायचो, अंगभर पिवळा होऊन घरी यायचो आणि तसाच थोरल्याला उचलायचो. तो माझ्या शर्टाला तोंड लावायचा. दात यायला लागल्यावर पलंगात उभा राहून कठडा चावायचा. तो रंग चवीला गोड असतो म्हणतात.

दोन वर्षांचा असताना खाईना झाला. तुझी सासू तेव्हा त्याला घेऊन तिच्या बहिणीकडे गेली होती. पोट धरून रडायचा, उलट्या करायचा. तिला वाटलं दाढा येताहेत. तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी झटके आले. दवाखान्यात म्हणाले, ताप मेंदूत गेला. मग दोन दिवस होता.

"मी तीन दिवस थांबले" हे तिच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल ते सांगता येणार नाही. ती शिंकेलाही डॉक्टर म्हणते ते ह्यामुळे. बहिणीच्या घरी तिने त्यानंतर पाय ठेवलेला नाही.

पुढे चार वर्षांनी एका रंगाच्या कारखान्याने आम्हा रंगाऱ्यांना नवे रंग दाखवायला बोलावलं. तिथे एक डॉक्टर आले होते. जुन्या रंगातल्या शिशाने लहान मुलांना काय होतं, ते त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं. माझ्या मुलाचे शेवटचे दिवस मी एका परक्या माणसाच्या तोंडून क्रमाने ऐकले. माझ्या शेजारचा रंगारी चहात बिस्कीट बुडवत होता, ते मला अजून दिसतं.

घरी आलो. तुझ्या सासूला धाकट्याचा सातवा महिना होता, ती पलंग पुसत बसली होती. म्हटलं, बाळंतपण होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, मूल जरा मोठं होऊ दे. पलंग तेवढा जाळून टाकायला निघालो, तर तिने कठडा धरला. म्हणाली, त्याची एवढीच वस्तू राहिली आहे. का जाळायचा ते सांगितल्याशिवाय तो जाळता येत नव्हता. म्हणून त्यावर नव्या रंगाचे तीन हात दिले, हिरव्याचे. भिंगरी झाल्यावर तिने तो तुमच्याकडे पाठवायचा हट्ट धरला, तेव्हा पांढऱ्याचे तीन हात दिले. सहा थर खाली आहे, कुणी कशाला खरवडेल, अशी मनाची समजूत घातली.

तू विचारतेस ते नाव का लिहिलं नाही. लिहायला बसलो की शिसं ह्या शब्दानंतरचं वाक्य थोरल्याचं येत होतं, आणि त्याच्या पुढचं तुझ्या सासूचं. म्हणून कीड लिहिली. १६ तारखेला सकाळी तुझी सासू फोन ठेवून म्हणाली, पोरीला उलट्या होताहेत. तेव्हा चपला घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ४ ते १६, बारा दिवस झाले. ते बारा दिवस माझे आहेत, तुझे नाहीत.

सध्या फोनचा दिवा लागतो तो दिसतो, घंटी ऐकू येत नाही. तुझी सासू फोन उचलते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो. तिचे ओठ "बरी आहे" असे हलले की मी पुन्हा पेपर वर धरतो.

बाबा


२८ डिसेंबर

बाबा,

अहवाल आला. भिंगरीच्या रक्तात शिसं अडतीस निघालं. पाचच्या वर जाऊ नये म्हणतात. पंचेचाळीस असते तर दवाखान्यात ठेवून औषध चढवणार होते. तेवढ्यापुरतं वाचलो. आता घर धुवून काढायचं, तिला लोह आणि कॅल्शियम पोटात जाईल असं खायला घालायचं, आणि महिन्याने पुन्हा रक्त काढायचं. उलट्या थांबल्यात.

मी डॉक्टरबाईंना विचारलं की हिच्या डोक्याला काही झालं असेल का. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आज सांगता येत नाही. शाळेत जायला लागली की कळेल, किंवा काही झालेलंच नसेल. म्हणजे ही भीती पुढची चार-पाच वर्षं घरात माणसासारखी राहणार. मी तिचे शब्द मोजते. काल तिने दिवसभर "पाणी" म्हटलं नाही, बोट दाखवलं. मी ग्लास मागे धरून म्हणत राहिले, म्हण, पाणी म्हण. शेवटी ती रडायला लागली आणि रडतारडता "पाणी" म्हणाली, आणि मी तिला ग्लास द्यायचंच विसरले.

चिरंजीवांचंही रक्त बरंच वर आहे, माझं थोडं. ते तुमच्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. पलंग प्लास्टिकमध्ये बांधून, असला कचरा वेगळा नेणाऱ्या माणसांकडे दिला. देण्याआधी ते त्या दातांच्या खुणांशी थांबले. मला म्हणाले, मी ह्यांना माझे म्हणत होतो. ह्या वर्षी आम्ही काही रंगवणार नाही.

तुमच्यावर राग आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. आहे. भयंकर आहे. पण थोरल्याचं वाचताना माझ्या मनात दुसरंच येत होतं. मी भिंगरीच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा दिला. गंमत म्हणून दिला, आणि तुम्हाला तसं हौसेने लिहून कळवलं. हे मला जन्मभर पुरणार आहे. पण निदान काय झालं ते मला ठाऊक आहे. आईंना तेवढंसुद्धा मिळालं नाही. न केलेली चूक त्या छत्तीस वर्षं उगाळत बसल्यात, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही पेपर वाचताय.

बाबा, आईंना सांगा. चिठ्ठी लिहून नको, आमच्याकडून नको. समोर बसून सांगा. त्या दिवसापर्यंत मला पत्र लिहू नका, मी ते उघडणार नाही.

सून


३१ जानेवारी

पोरी,

पत्राचं अक्षर बघून दचकली असशील. मी काही लिहिणारी बाई नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि मीही "बरी आहे" म्हणते, आणि दोघीही खोटं बोलतो.

ह्यांनी मला सांगितलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरातली फळी रंगवायला बसलो होतो. माझा हात मारून झाला, ह्यांची पाळी होती. ब्रश डब्यात ठेवला आणि बोलायला लागले. मोठमोठ्याने बोलतात ना, ऐकू येत नाही म्हणून. सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल. मी एकच विचारलं, बोटांनी विचारलं, किती वर्षं माहीत होतं? बत्तीस म्हणाले.

मी ती फळी पूर्ण केली. का केली ते मला विचारू नकोस. मग हात धुतले आणि बहिणीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या घरी काही झालं नव्हतं. तिला काही उमगेना, मला काही सांगता येईना, शेवटी म्हणाली तू ये. दहा दिवस राहून आले. ज्या खोलीत त्याला घेऊन झोपले होते, तिथे आता तिची सून कपड्यांना इस्त्री करते. मी पण केली, चांगली दोन-तीन गाठोडी.

परत आले तर हे घरात नव्हते. तुला माहीत आहे का, ह्यांच्याकडे एक डायरी आहे, कुठल्या घराला कोणता रंग दिला त्याची. पुन्हा हात द्यायला बोलावलं तर रंग जुळावा म्हणून ठेवायचे. त्यातली पिवळी घरं काढली तर त्रेसष्ट भरली, आणि एक बालवाडी. बालवाडीपासून सुरुवात केली. रोज सकाळी निघतात. दार वाजवतात आणि सांगतात, मी अमुक साली तुमच्या दाराला रंग दिला, त्यात शिसं आहे, कोरडा खरवडू नका, घरात लहान मूल असेल तर रक्त तपासा. एकाने तोंडावर दार लावलं. एका म्हाताऱ्याने हात धरून आत नेलं, मास्तर, तुमचा पिवळा बघा अजून कसा आहे, म्हणून कौतुकाने खिडकी दाखवली, चहा केला. चहा पिऊन होईपर्यंत ह्यांना सांगता येईना. सांगितलं शेवटी. एका घरात जुळी मुलं निघाली, वर्षाची, आणि त्यांची आई पायरीवरच बसली. तिच्याबरोबर दवाखान्यात हेच गेले.

मी ह्यांच्याशी बोलत नाही. ह्यांना तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे मी बोलत नाही हे कळायला दोन दिवस लागले. कधी बोलेन ते माहीत नाही. धाकट्यालाही सांग, ह्यांच्याशी बोलायची त्यालाही घाई नाही आणि तुलाही नाही.

परवाच्या तपासणीत भिंगरीचे एकोणतीस झाले म्हणालीस फोनवर. उतरताहेत, ते चांगलं आहे. तरी मी घाबरलेलीच आहे आणि तूही असशील. शब्द मोजू नकोस असं मी तुला सांगणार नाही. मोज, पण तिला तहान लागली की पाणी आधी दे.

तुझं २८ तारखेचं पत्र ह्यांनी माझ्या हातात ठेवलं होतं, मी वाचलं. पॉलिश पेपरच्या तुकड्याचं वाचलं. तेवढ्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले. नीट ऐक. तुला माहीत नव्हतं. लेकराच्या हातात आईने खेळायला काहीतरी दिलं, एवढंच झालं. मला हे सांगायला माणसाला छत्तीस वर्षं लागली, तुला मी महिन्यात सांगते आहे. तेव्हा ते जन्मभर पुरवायचं वगैरे लिहिलंस ते पुन्हा लिहू नकोस.

आता उठते. हे बाहेर चपला घालताहेत. बोलत नसले तरी सकाळी डबा भरून देते, दुपारपर्यंत उपाशी फिरले तर चक्कर येते. अजून एकोणीस घरं राहिली आहेत.

आई